खेळून काय मिळते?



गेल्या महिन्यात पालकीय परिषदेच्या सभेत चर्चच्या मैदानाचा विषय निघाला. मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून घ्यावेत, म्हणजे रविवारी गाड्या लावण्याची सोय होईल, लग्नसराईत मंडपाखाली धूळ-चिखल राहणार नाही आणि भाडेही थोडे वाढवता येईल, अशी सूचना आली. सूचना करणारी मंडळी चर्चसाठी झटणारी आहेत, त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तेव्हा कुणीतरी विचारले, "मग संध्याकाळी मुले खेळतात, त्यांचे काय?" त्यावर एका सभासदांनी सहज उत्तर दिले, "खेळून त्यांना असे काय मिळते, फादर? चार मुले मेडल आणत असती तर गोष्ट वेगळी."

सभा पुढच्या विषयाकडे वळली. आम्ही मात्र तिथेच अडकून पडलो. खरेच, खेळून काय मिळते? आणि काहीच मिळत नसेल, तर मैदान मुलांकडून काढून घेणे योग्य ठरते का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी सिस्टर आणि आपले काही तरुण यांच्या मदतीने आम्ही हा उपक्रम सुरू केला. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सव्वासहा, सहा ते चौदा वर्षांची कोणतीही मुले यावीत आणि खेळावीत. आपल्या धर्मग्रामातील मुले येतात, तशी समोरच्या इमारतींतील इतर धर्मांची मुलेही येतात. फी नाही, गणवेश नाही.

प्रथम उपयोगाची बाजू मोकळेपणाने मांडू, कारण ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करायला हवी. संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतील माहिती एकत्र करून २०१९ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१६ साली ११ ते १७ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी शंभरात ८१ जणांची एवढी हालचाल होत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ होते आणि मुलींमध्ये ८५. हाडे, हृदय, झोप, अभ्यासातले लक्ष, मनाची उभारी या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. डॉक्टर हे आपल्याला सांगतच असतात.

आपल्या वसईत तर हा बदल एका पिढीत झाला. आमच्या लहानपणी कुणी मुलांसाठी 'उपक्रम' काढला नव्हता. वाडी होती, विहिरीवरचा रहाट होता, सुट्टीत लगोरी आणि विटीदांडू होता. पोहायला शिकण्यासाठी बावखल होते. बुडायला आलेल्याला वर काढण्यासाठी कुणाचा तरी मोठा भाऊ काठावर असे. आता कितीतरी बावखले बुजली, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, रस्त्यावर रिक्षा आणि टँकर. आईवडील पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मूल शाळेतून ट्यूशनला आणि ट्यूशनमधून घरी येते, दार लावून मोबाइल हातात घेते. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. आपणच त्याचे अंगण विकले आणि आता त्याला विचारतो, तू खेळत का नाहीस?

म्हणून पहिल्या वर्षी आम्ही पालकांना याच भाषेत पटवले. मुलांना पाठवा, तब्येत सुधारेल, मोबाइल सुटेल, शिस्त लागेल, पुढे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळू शकतील. पालक खूश झाले, मुले आली. पहिल्याच नाताळात आम्ही स्पर्धा घेतल्या, कप वाटले. सगळे छान चालले आहे असे आम्हाला वाटत होते.

त्या मुलांत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. अंगाने जड, धावण्यात मंद. दोन कॅप्टन आळीपाळीने गडी निवडत, तेव्हा हा रोज शेवटी उरे. काही दिवसांनी तो स्वतःच येऊन म्हणाला, "फादर, मी गुण लिहू का?" आम्ही त्याला एक वही आणि पेन दिले. तो फार नीटनेटके लिही. एका रविवारी सर्वांसमोर आम्ही त्याचे कौतुकही केले, सेवावृत्ती यालाच म्हणतात वगैरे. त्यानंतर त्याची आजी मिस्सा संपल्यावर आमच्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "फादर, रागावू नका. तुम्ही त्याला वही दिली, तो घरी येऊन रडतो. त्याला खेळायचे आहे."

आम्हाला उत्तर सुचले नाही. ज्या मुलाला खेळाची सर्वांत अधिक गरज होती, त्यालाच आम्ही मैदानाच्या कडेला बसवले होते आणि वर त्याला सद्गुण म्हटले होते. दोष एकट्या कॅप्टनांचा नव्हता. खेळ कशासाठी, याविषयीचा आमचा विचारच चुकीचा होता. काहीतरी मिळवण्यासाठी खेळायचे असेल, तर ज्याच्याकडून काही मिळण्यासारखे नाही त्याला संघात कोण घेईल?

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे लिखाण अभ्यासले होते. त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडले. तेराव्या शतकातील एवढा गंभीर धर्मपंडित, पण त्याने आपल्या 'सुम्मा' या मोठ्या ग्रंथात खेळ आणि विनोदाचाही आवर्जून विचार केला आहे. तो म्हणतो, शरीर थकते तसा आत्माही थकतो, आणि आत्म्याचा विसावा आनंदात असतो. योग्य प्रमाणात खेळणे हा सद्गुण आहे. इतकेच नाही तर स्वतः कधी हसायचे-खेळायचे नाही आणि दुसऱ्यांचाही विरस करायचा, हा दोष आहे. (आपल्यातील काही ज्येष्ठांनी हे जरूर लक्षात घ्यावे. काही धर्मगुरूंनीसुद्धा!) तिथे तो संत योहानाविषयीची एक जुनी कथा देतो. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेला पाहून काही लोकांना धक्का बसला. योहानाने त्यांच्यापैकी एकाला धनुष्य ताणून बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि मग विचारले, हे असेच अखंड करीत राहशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहान म्हणाला, मनाचेही तसेच आहे.

कथा सुंदर आहे, पण नीट पाहिले तर इथेही खेळ हा कामासाठीच आहे. धनुष्य सैल का सोडायचे, तर पुन्हा ताणता यावे म्हणून. विसावा घ्या, ताजेतवाने व्हा आणि कामाला लागा. ॲरिस्टॉटलनेही तसेच म्हटले आहे. हे मान्य केले तर परिषदेतील आमच्या सभासदांचेच खरे ठरेल, मुलांनी कुठे एवढे काम केले आहे की त्यांना विसावा हवा?

पण याच अक्वायनसने दुसऱ्या एका छोट्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत वेगळे म्हटले आहे. प्राचीन तत्त्वज्ञ बोएथियसच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना तो ज्ञानाच्या चिंतनाची तुलना खेळाशी करतो आणि त्याची दोन कारणे देतो. एक, खेळात आनंद असतो. दुसरे, खेळ कशासाठीतरी खेळला जात नाही, तो खेळासाठीच असतो. म्हणजे माणसाची जी सर्वांत उंच कृती, परमेश्वराचे सत्य न्याहाळत राहणे, तिच्यासाठी या पंडिताला उपमा सापडली ती खेळाची! तिथे तो नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायाची आठवण देतो. जगाची निर्मिती होत असताना दैवी प्रज्ञा परमेश्वरासमोर खेळत होती, असे चित्र त्या अध्यायात आहे.

रोमानो ग्वार्दिनी या धर्मगुरूंनी १९१८ साली उपासनेविषयी एक लहान पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी हाच धागा पुढे नेला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, उपयोग आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातोडीला उपयोग असतो. लहान मुलाच्या खेळाला उपयोग नसेल, पण अर्थ असतो. आणि उपासना ही त्या खेळाच्या जातीची आहे.

हे वाचताना आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगी आठवली. तिने विचारले होते, "फादर, मिस्सेला येऊन काय मिळते?" आम्ही उत्तर दिले होते की मनाला शांती मिळते, चांगले संस्कार होतात, परीक्षेत धीर येतो. आता त्या उत्तराची लाज वाटते. परमेश्वराला भेटायला जाण्याचा फायदा सांगावा लागला, तर आपण काय शिकवले? आई मुलाला मांडीवर घेते तेव्हा ती कोणत्या फायद्यासाठी घेते?

जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय घरी जाऊन जरूर वाचावा. बाबेलच्या हद्दपारीतून परतलेल्या लोकांना त्याने पुन्हा वसणाऱ्या यरुशलेमचे चित्र दाखवले. तिथे म्हातारे आणि म्हाताऱ्या हातात काठी घेऊन चौकात बसल्या आहेत आणि नगरीचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत. परमेश्वर आपल्या नगरीत राहायला आला आहे हे ओळखायचे कसे, तर यावरून. मुले खेळून पुढे कोण होतील, हे संदेष्टा सांगत नाही. मुलांबरोबर मुलीही खेळत आहेत, हे मात्र तो आवर्जून सांगतो.

मुलींचा विषय इथे थांबून बोलायला हवा. आपल्या मैदानावर आठ-नऊ वर्षांपर्यंत मुली मुलांइतक्याच येतात. बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की एकेक करून गळतात. चर्चच्या पायऱ्यांवर बसून धाकट्या भावाची पाण्याची बाटली सांभाळतात. वर दिलेला ७८ आणि ८५ मधला फरक आपल्या पायऱ्यांवर डोळ्यांनी दिसतो. आयांना विचारले तर सांगतात, फादर, आता ती मोठी झाली. घरचे काम असते. लोक बघतात. लोक म्हणजे कोण? आपणच ना? मुलगी धावताना ज्यांना खटकते त्यांनी आपली नजर तपासावी, मुलीला बसवू नये. सिस्टरांनी आता मुलींसाठी कबड्डी आणि व्हॉलीबॉल सुरू केला आहे, मैदानाजवळची प्रसाधनगृहाची खोली दुरुस्त करून घेतली आहे. तेवढ्यानेही सहा मुली परत आल्या. कारण अनेकदा इतके साधे असते.

आजीच्या त्या बोलण्यानंतर आम्ही खेळांकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बाद होण्याचे आपले बहुतेक खेळ पाहा. खो-खोत जो मंद तो आधी बाद. संगीत खुर्चीत तेच, लंगडीत तेच. म्हणजे जो चपळ आहे तो शेवटपर्यंत धावतो आणि आणखी चपळ होतो. ज्याला धावण्याची गरज आहे तो पहिल्या मिनिटाला बाहेर बसतो. अपवाद कबड्डीचा. तिथे मारला गेलेला गडी, आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या आपल्या समाजाला हा खेळ शोभतो खरा!

गंमत बाजूला ठेवू. दोन नियम आम्ही बदलले. कॅप्टन निवडत नाहीत, चिठ्ठ्या टाकून संघ पडतात. आणि बाद झालेला कुणीही मैदानाला एक फेरी मारून परत खेळात येतो. तिसरी गोष्ट स्कॉटलंडकडून घेतली. स्टर्लिंग गावच्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत फेब्रुवारी २०१२ मध्ये इलेन वायली या मुख्याध्यापिकांनी एक साधी प्रथा सुरू केली. रोज १५ मिनिटे सगळ्या वर्गाने बाहेर जायचे आणि आपल्या चालीने धावायचे. दमले तर चालायचे, मैत्रिणीशी बोलत धावले तरी चालेल. वेगळे कपडे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही. 'डेली माइल' या नावाने ही प्रथा पुढे अनेक देशांतील शाळांत गेली. स्टर्लिंग विद्यापीठातील संशोधकांनी दुसऱ्या एका शाळेशी तुलना करून २०१८ मध्ये दाखवून दिले की अशा मुलांची दमछाक कमी झाली, शरीर अधिक सुदृढ झाले. यात आम्हाला भावले ते एवढेच की तिथे शेवटचा नंबर कुणाचाच येत नाही.

यावर काही पालक नाराज आहेत, हे आम्हाला कळले आहे. त्यांचे म्हणणे, फादर, अशाने मुले पुढे कशी येणार, जगात स्पर्धा आहे. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचे उदाहरण दिले आहे ना? दिले आहे, आणि स्पर्धा पाप नाही. नाताळातील सामने चालूच राहतील, कपही मिळतील, ज्यांच्यात गुण आहे त्यांना तालुक्यापर्यंत नेण्यासाठी आपले तरुण मेहनत घेतीलच. पण वर्षातील दोन दिवस स्पर्धेला पुरेत.

आता पुन्हा पेव्हर ब्लॉककडे. आपल्यातील कितीजणांना संत जॉन बॉस्कोची सुरुवातीची हकिगत ठाऊक आहे? १८४० च्या दशकात ट्यूरिन शहरात कामासाठी आलेल्या अनाथ, भटक्या मुलांना ते रविवारी जमवत, मिस्सा आणि धर्मशिक्षण देत आणि मनसोक्त खेळू देत. त्यांना जागा देणारे एकामागून एक कंटाळले. कुठे आवाजाची तक्रार, कुठे शेजाऱ्यांचा त्रास. शेवटी एक कुरण भाड्याने मिळाले, तर मालकांनी तेही सोडायला सांगितले, कारण मुलांच्या पायांनी गवत मुळापर्यंत तुडवले गेले होते. त्या दिवशी बॉस्को रडले, असे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहिले आहे. १८४६ च्या ईस्टरला वाल्डोक्को येथे एक पडवी मिळाली आणि तिथून पुढे सालेशियन कार्य उभे राहिले. ज्यांनी मुलांना हाकलले ते वाईट लोक नव्हते. त्यांना गवत वाचवायचे होते, एवढेच.

पुढे १८८४ च्या मे महिन्यात बॉस्कोंनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र पाठवले. त्यात त्यांची खंत आहे की पूर्वी मोठी माणसे अंगणात मुलांबरोबर खेळत होती, आता ती दूर उभी राहून नुसती देखरेख करतात. हे आम्हाला लागू पडते. आमचे गुडघे कुरकुरतात, तरी आठवड्यातून दोन दिवस आम्ही मैदानात असतो. परवा लगोरीत आम्हाला एका आठ वर्षांच्या मुलीने नेमका चेंडू मारून बाद केले आणि आम्हीही नियमाप्रमाणे फेरी मारली.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. मैदानाच्या भाड्यातून आपण दरवर्षी काही रुग्णांच्या औषधांना हातभार लावतो. मैदान मुलांसाठी मातीचेच ठेवले तर हे उत्पन्न वाढणार नाही. शिवाय सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी मंडप नको म्हटले तर असलेलेही थोडे घटेल. डायलिसिसवर असलेल्या माणसासमोर उभे राहून मुलांच्या लगोरीची बाजू मांडणे सोपे नाही. आमचे मत असे की रुग्णाला मदत करणे हे आपणा मोठ्यांचे कर्तव्य आहे आणि ते आपण आपल्या खिशातून करावे. मुलांचे जे आहे ते विकून करू नये. खेळ ही आपण मुलांना दिलेली देणगी असती, तर अडचणीच्या वेळी ती परत घेता आली असती. पण बालपणाबरोबर ती त्यांना मिळालेलीच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली आहे. जो हक्क सरकार कागदावर मान्य करते, तो आपण चर्चच्या आवारात अमान्य करणार का? तरीही घटलेले उत्पन्न नेमके कसे भरून काढायचे, याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. गाड्यांसाठी शाळेच्या मागची पट्टी वापरता येईल का, हेही पाहावे लागेल. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी सभेत तसे मोकळेपणाने सांगावे.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या हॉलमध्ये यावर सर्व धर्मग्रामस्थांची सभा होईल. या वेळी मुलांनाही बोलावले आहे, त्यांच्यापैकी दोघे बोलणार आहेत. तोवर खेळ नेहमीप्रमाणे चालू राहील. संध्याकाळी पावणेपाचच्या आत आपली वाहने मैदानातून हलवावीत ही विनंती. चप्पल घालून आलेली मुलेही चालतील. मोठ्या माणसांपैकी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकणारे आणखी चार-पाच जण हवे आहेत, त्यांनी सिस्टरांकडे नाव द्यावे. धावता आले नाही तरी हरकत नाही, चिठ्ठ्या टाकायला आणि गुण लिहायला माणूस लागतो. वही आमच्याकडे आहे.

आपले धर्मगुरू